साहेबांच्या सायकलचा दिवा

आमच्या स्टोअर्सच्या साहेबांच्या सायकलला पुढे एक भलामोठा गोल दिवा होता आणि तो लागलेला मी एकदाही बघितला नाही. जुन्या पद्धतीचा, वाटीएवढा, मुलामा उडालेला. डायनामो कधीच गेलेला, वायरसुद्धा नव्हती. "साहेब, हे ओझं कशाला वागवता? काढून टाका की," असं कुणी म्हटलं तर ते म्हणायचे, "सायकलला तोंड नको का?" की संपला विषय. पँटच्या पायाला क्लिप लावून ते पुढे चालायला लागायचे. ती क्लिप दिवसभर तशीच असायची, मीटिंगमध्येसुद्धा.

खरं सांगू का, जुन्या ऑफिसच्या आठवणी काढून गहिवरणाऱ्या लोकांचा मला मनस्वी कंटाळा आहे. आमच्या कंपनीचा व्हॉट्सॲपवर ग्रुप आहे. तिथे रोज सकाळी कुणीतरी "गेले ते दिवस" म्हणून उसासा टाकतं आणि खाली सगळे हात जोडतात. कसले डोंबलाचे दिवस! डोंबिवलीहून ठाणे, ठाण्याहून कोलशेत, परत येईपर्यंत पाय हे असे सुजलेले, आणि घरी आल्यावर कुकर मीच लावायचा. मला नाही त्यातलं काही परत हवं.

पण परवा भाचीच्या वास्तुशांतीला कोलशेतला गेलेले. आमच्या कंपनीच्या जागेवर आता टॉवर झालेत, त्यातल्याच एकात तिचा फ्लॅट. गेटवर माझी पर्स उघडून बघितली, फोटो काढला, कुणाकडे, कशाला, सगळं विचारलं. तेवढ्यात एक मुलगा भारीतल्या सायकलवरून आला. सीटखाली छोटी पिशवी, त्यातून नटबोल्टचे पाने डोकावतायत, फ्रेमला चकचकीत पंप. वॉचमनने त्याला सलाम ठोकला आणि तो सुळकन आत गेला. मी तिथल्या कट्ट्यावर बसलेच. भाची म्हणाली, "मावशी, चक्कर येतेय का?" म्हटलं, नाही गं, गुडघा. साहेबांचं सगळं पुराण तिला कुठे सांगत बसू?

साहेब राहायचे नौपाड्यात. लग्न केलेलं नाही, घरी थोरली बहीण. नौपाडा ते कोलशेत रोज सायकल. उंच, काटकुळे, सदऱ्याच्या खिशातलं पेन दोऱ्याने बटणाला बांधलेलं. चहा पूर्ण गार झाल्याशिवाय पीत नसत. आणि दर दोन वाक्यांमागे एक प्रश्न: "नोंद कुठाय?"

या प्रश्नाने आख्ख्या कंपनीच्या नाकी नऊ आणलेले. गेटचा नियम साहेबांनीच करून घेतलेला. कुठलंही हत्यार, कुठलीही वस्तू आत आणताना गेटवर नोंद करायची. नोंद नसेल आणि बाहेर नेताना सापडली, तर ती कंपनीची. जमा. मग तुम्ही कुणीही असा. त्यापूर्वी कंपनीतून पाने, ड्रिल, पितळेचे कॉक भाजीसारखे बाहेर जायचे, ते यामुळे थांबलं हे खरं. पण माणसं मेटाकुटीला आली हेही खरं. छत्रीची नोंद, डब्यातल्या चमच्याची नोंद. मी एकदा हळदीकुंकवाला वाटायला चाळण्या घेतलेल्या, त्या नोंद नाही म्हणून अडकल्या. मी त्यांच्याच हाताखालची क्लार्क! म्हटलं, "साहेब, कंपनी चाळण्या बनवते का?" तर म्हणाले, "बाई, तो प्रश्न वेगळा." अंगाचा नुसता तिळपापड झाला माझ्या.

मोठ्या साहेबांना तरी कुठे सोडलं? त्यांनी बायकोचा मिक्सर दुरुस्तीला मेंटेनन्समध्ये आणलेला. संध्याकाळी गाडीच्या डिकीत सापडला. मोठे साहेब खाली उतरले, लाल झाले, मग हसायला लागले, मग पुन्हा लाल झाले. साहेब आपले हात मागे बांधून उभे. मिक्सर आमच्या कपाटात आला तो आलाच. मोठ्या साहेबांच्या बायकोने शेवटी नवीन घेतला म्हणे.

त्याच कपाटात, मिक्सरच्या शेजारी, जनार्दनचा पाना होता.

जनार्दन आमचा फिटर. खडवलीहून यायचा. कमी बोलायचा, पण मशीनला नुसता कान लावून काय बिघडलंय ते सांगायचा. हा पाना त्याच्या वडिलांचा. दोन तोंडांचा, छोटासा, मधे धरून धरून गुळगुळीत झालेला. वडील त्याने शेतावरचं पाण्याचं इंजिन खोलायचे. वडील गेले त्यानंतर जनार्दन तो खिशात घेऊन यायला लागला. कंपनीचे पाने ढिले, नट गोल करतात, म्हणून कंपनीचंच काम तो घरच्या पान्याने करायचा. आणि एक दिवस गेटवर झडतीत सापडला.

"सायब, माजा हाय तो. बापाचा."

"असेल. नोंद कुठाय?"

"खिशातल्या वस्तूची कसली नोंद करायची, सायब?"

"उद्या हेच सगळे म्हणतील."

जनार्दन भांडला नाही, ओरडला नाही. पाना टेबलावर ठेवला आणि गेला. मी त्याला चिठ्ठी बांधून कपाटात ठेवला. साहेब त्या दिवशी गार झालेला चहाही प्यायले नाहीत, तसाच राहिला.

त्यानंतर साहेबांच्या सायकलची हवा जायला लागली. कधी मागच्या चाकाची, कधी पुढच्या. कधी व्हॉल्व्हचं रबरच गायब, तर कधी टायरमध्ये खिळा. स्टँडवर तीसेक सायकली असायच्या, बसलेली एकट्या साहेबांचीच. सुटी झाली की माणसं मुद्दाम रेंगाळायची. साहेब यायचे, चाकाकडे बघायचे, पायाला क्लिप नीट करायचे आणि सायकल ढकलत गेटबाहेर जायचे. मागे खसखस पिकायची. त्या रस्त्याला तेव्हा पंक्चरचं दुकान नव्हतं. पार पुढे नाक्यापर्यंत जायला लागायचं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी बघावं, तर साहेब ऐटीत सायकलवरून हजर! रिक्षात घालून नेतात म्हणावं तर तसं कुणी कधी बघितलं नव्हतं. माणसं चक्रावलेली. स्टोअर्समध्ये मला विचारायला यायचे, "मॅडम, साहेबांचा काही जादूटोणा आहे का?"

जादूटोणा मला एका संध्याकाळी दिसला. गेटपासून थोडं पुढे, वळणावर, एका बंद पडलेल्या कारखान्याची भिंत होती. शेअर रिक्षा त्या भिंतीच्या पलीकडे मिळायच्या. त्या दिवशी उशीर झाला म्हणून मी भिंतीमागून पायवाटेने निघाले आणि बघते तर काय, सायकल उलटी उभी, चाक आभाळाकडे, आणि साहेब गुडघ्यावर बसलेले. जेवणाच्या डब्यात पाणी ओतलेलं, त्यात ट्यूब बुडवून बुडबुडे शोधताहेत. शेजारी रुमालावर टायर काढायच्या दोन पट्ट्या, सोल्युशन, घासपेपर, कापलेली ठिगळं, व्हॉल्व्हचं रबर, एक इवलासा पाना. दिव्याची काच उघडी, दिवा आतून रिकामा.

मला बघून त्यांनी पट्टी पाठीमागे लपवली. एवढा मोठा माणूस! मला हसू आलं आणि लगेच कसंसंच झालं.

"बाई, तुम्ही काही पाहिलेलं नाही."

"पाहिलं की."

"मग उद्या नोंद करा. माझ्या नावावर. विनानोंद हत्यारं बाळगली."

"मी नाही करत जा," म्हटलं. "मला घरी जाऊन कुकर लावायचाय."

ते खाली मातीतच बसले. मग जे सांगितलं ते असं: पट्ट्या आणि ठिगळं दिव्यात, पंप सीटच्या नळीत, त्याला दोरी बांधलेली. गेटवर पिशव्या बघतात, डबे बघतात, सायकलचा दिवा उघडून कोण बघणार? मी म्हटलं, "अहो, मग सरळ नोंद करून आणा ना! नियम तुमचाच आहे." तर म्हणाले, "नोंद केली की सगळ्यांना कळणार, माझ्याकडे सामान आहे. मग ते सामानही जाईल. आणि बाई, ते लोक मला ढकलत जाताना बघतात ना, तेवढंच बघू देत. मी इथे बसून ठिगळ लावतो हे दिसलं तर मग काय राहिलं?"

"पण हे तुम्ही रोज चोरून आणता. जनार्दनचा पाना तुम्ही याच कारणाने ठेवून घेतलात."

"हो," ते म्हणाले. "ते मला रोज गेटवर आठवतं."

"मग देऊन टाका त्याचा त्याला!"

"आणि मिक्सर? आणि तुमच्या चाळण्या? एकाला दिलं की उद्या स्टोअर्सच्या दारात जत्रा भरेल. मग तो नियम कशाला?"

मी कपाळावर हात मारला. या माणसापुढे बोलण्यात अर्थ नव्हता. "बरं, निदान हवा काढणाऱ्याची तक्रार तरी करा. कोण आहे तो?"

साहेबांनी मान खाली घातली. "बुडबुडे बघा, बाई. इथे आहे का? मला चष्म्यातून नीट दिसत नाही."

बुडबुडे तिथेच होते. मी बोट ठेवलं. त्यांनी जागा पुसली, घासली, सोल्युशन लावलं, त्यावर फुंकर घातली आणि ठिगळ अंगठ्याने दाबून धरलं. त्यांच्या कामात घाई म्हणून नव्हती. माझी गाडी केव्हाच गेली होती.

म्हणजे झालं! त्या दिवसापासून मी त्या कटात सामील. हवा गेली की साहेब भिंतीमागे आणि मी पुढे छत्री घेऊन उभी, रिक्षाची वाट बघतेय असं दाखवत. कुणी ओळखीचं दिसलं की खोकायचं. एकदा खरंच सर्दी झालेली, तर बिचाऱ्यांनी चार वेळा सामान गुंडाळून परत दिव्यात कोंबलं. घरी सासूबाई विचारायच्या, "आज काय झालं?" काय सांगू? साहेबांची हवा गेली म्हणून सांगू?

त्यांच्या घरी मी एकदाच गेले, ते तापाने पडलेले तेव्हा, कपाटाच्या चाव्या आणायला. मला वाटलेलं, घर म्हणजे स्टोअर्ससारखंच असेल. अगं बाई! वर्तमानपत्रांचे ढीग, खुर्चीवर कपडे, चष्मा गिझरवर. त्यांची बहीण, अक्का म्हणतात त्यांना, वैतागून म्हणाल्या, "कंपनीत हा शिस्तीचा पुतळा ना? इथे याला स्वतःचा टॉवेल सापडत नाही. रविवारी मात्र तासभर बसून जुन्या ट्यूबची ठिगळं कापतो. एकेक ठिगळ कसं, पैशासारखं गोल! एवढी ठिगळं करतोस काय रे, म्हटलं तर सांगत नाही." साहेब पांघरुणातून म्हणाले, "अक्का, बाईंना चहा दे." मी साखरेचा डबा शोधायला अक्कांना मदत केली. तो देवघरात निघाला.

असं किती वर्षं चाललं, मोजली नाहीत. माणसाला कशाचीही सवय होते. स्टँडवर हसणारी माणसंही हळूहळू कंटाळली. कुणी रिटायर झालं, कुणी गावी गेलं. पण हवा जायची ती जायचीच. जनार्दन समोर आला तर साहेबांना नमस्कार करायचा, साहेबही करायचे, आणि दोघं दोन बाजूंना जायचे. पान्याचा विषय पुन्हा कुणी काढला नाही. मीच अधूनमधून कपाट उघडलं की पान्यावरची धूळ पुसायची. उगाच.

मग साहेबांचा शेवटचा दिवस आला. कँटीनमध्ये निरोप समारंभ झाला. शाल, नारळ, समोसे. नव्या मोठ्या साहेबांनी भाषण केलं, ज्यात आमच्या साहेबांचं नाव सोडून सगळं बरोबर होतं. जनार्दन मागे भिंतीला टेकून उभा होता, समोसा हातात तसाच. साहेब उत्तराला उभे राहिले आणि म्हणाले, "माझ्यामुळे पुष्कळांना त्रास झाला. तो व्हायला हवा होता. काहींना मात्र जास्त झाला." एवढंच. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, कारण भाषण लवकर संपलं.

आणि पुढचं ऐका. या गृहस्थांनी दुपारीच स्वतःसाठी गेटपास करून ठेवलेला: शाल एक, नारळ एक. वॉचमन म्हणाला, "साब, आज तो रहने दो." पण नाही! पिशवी उघडून नारळ दाखवला, शाल झटकून दाखवली, सही घेतली. मी शेजारी उभी राहून मनात म्हणत होते, कधी सुटणार हो तुम्ही?

सायकलचं मागचं चाक बसलेलं होतं. शेवटच्या दिवशीसुद्धा. मला इतका राग आला की तिथेच कुणाची तरी गचांडी धरावीशी वाटली. साहेबांनी चाकाकडे बघितलं, क्लिप नीट केली आणि ढकलत निघाले. कॅरियरला शाल, हँडलला पिशवीतला नारळ लटकलेला. मी सोबत.

भिंत आली. मी सवयीने छत्री काढली. साहेब थांबले नाहीत.

"साहेब, भिंत आली."

"आज सामान नाही, बाई."

"नाही म्हणजे?"

"ठेवून आलो. कपाटात."

"आजच? आजच सुचलं हे? आता नौपाड्यापर्यंत ढकलत नेणार? वय काय तुमचं, छातीचं दुखणं काय! मी रिक्षा बघते, सायकल राहू दे इथेच." मी बोलत सुटले. एवढ्या वर्षांचा शीण असा एकदम तोंडावाटे बाहेर आला. ते ऐकत राहिले.

मागून पावलं वाजली. जनार्दन पळत आलेला. धापा टाकत त्याने हँडल धरलं.

"द्या सायब. मी ढकलतो."

"कशाला? मी नेईन."

"द्या म्हणतो ना." तो खाली बघत होता. "आज हवा काडायची नव्हती. जेवणाच्या सुटीत तिथनं गेलो आन हात गेला. सवयीनं गेला, सायब."

मी छत्री हातात धरून नुसती उभी. साहेबांनी सायकल तिथेच उभी केली, खिशातून नाणं काढलं आणि दिव्याचा स्क्रू फिरवला. काच बाजूला केली. आत फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी होतं. त्यांनी ते जनार्दनच्या हातात दिलं.

त्याने फडकं सोडलं. दोन तोंडांचा, मधे गुळगुळीत झालेला पाना. माझी चिठ्ठी अजून त्याला बांधलेली होती.

"अहो, हा कपाटातला," मी म्हटलं. "मग तुमचं सामान…"

"त्याच्या जागी ठेवलंय. जागा रिकामी नको राहायला."

"म्हणजे हा तुम्ही गेटमधून चोरून आणलात?"

"हो."

माझ्याच्याने राहवलं नाही. "नोंद कुठाय?"

"नाही केली," साहेब म्हणाले.

जनार्दनने पाना उलटसुलट करून बघितला, अंगठा त्या गुळगुळीत जागेवर फिरवला. "सायब, एवडी वर्सं हवा मीच काडत व्हतो. दुसरं कुणी नाय."

"मला माहीत होतं."

"कदीपास्नं?"

"पहिल्या दिवसापासून."

"मग बोललात का नाय? तक्रार केली असती तर नोकरी गेली असती माजी."

साहेबांनी दिव्याची काच परत बसवली, स्क्रू आवळला आणि हँडल त्याच्या हातात सोडलं.

"तुझा पाना माझ्याकडे होता ना," ते म्हणाले.

मग जनार्दन एका हाताने सायकल ढकलत पुढे निघाला, दुसऱ्या मुठीत पाना तसाच धरलेला. साहेब त्याच्या बाजूने मोकळ्या हातांनी चालत होते आणि ते हात कुठे ठेवावेत हे त्यांना कळत नव्हतं. शेवटी मी पिशवीतून नारळ काढून त्यांच्या हातात दिला.